एकतीस लाल ठिपके

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

नवी वही. नवं खातं. नवा मी.

अतिक्रमण खात्यातून माझी उचलबांगडी झाली असं ऑफिसात काही लोक पसरवतात. पसरवोत बापडे. एक टपरी पाडताना छप्पर टपरीवाल्याच्या पायावर पडलं तेव्हा मी फक्त खांब हलवत होतो. छप्पर खाली येणं हा गुरुत्वाकर्षणाचा विषय आहे, माझा नाही. आजपासून मी हरितगृहवायू मोजणी कक्षाचा निरीक्षक. हे शहर रोज किती कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि कोण सोडतं, ते शोधायचं. चोर पकडण्याचंच काम, फक्त चोर डोळ्यांना दिसत नाही.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. हात उचलायचा नाही. मुळात मी शांत माणूस आहे, हे लोकांना कळलं पाहिजे.

संध्याकाळी ६

साहेबांनी दोन गोष्टी हवाली केल्या. दोनशे चाळीस फॉर्म आणि एक मीटर. प्रत्येक कारखान्याने, दुकानाने, गॅरेजने महिन्याला किती इंधन जाळलं ते फॉर्मवर लिहून द्यायचं, त्यावरून वायूचा हिशोब काढायचा, अशी पद्धत म्हणे. मीटर फक्त बागेतली, रस्त्यावरची हवा तपासायला. मी साहेबांना विचारलं, चोराला फॉर्म देऊन विचारायचं का, बाबा रे किती चोरलंस? साहेब म्हणाले, पद्धत आहे. मी मान डोलावली आणि सगळे फॉर्म टायपिस्टबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्या माझ्या समोर बसतात, मार्चमध्येही स्वेटर घालतात आणि इतक्या हळू बोलतात की दोनदा विचारावं लागतं.

मीटर झकास आहे, दहा लाख भाग हवेत हा वायू किती भाग ते दाखवतो. पिवळी पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. सोबत चार फुटांचा स्टीलचा दांडा. पेटी दांड्याच्या टोकाला लावून लांब धरायची असते. पण आकडे फार बारीक आहेत. चार फुटांवरून काय दिसणार? चष्मा लाव, असं बायको दोन वर्षं म्हणतेय. चष्मा म्हातारे लावतात. मी दांडा काढून हातात घेतला आणि पेटी नाकापाशी धरली. स्वच्छ दिसतं.

माहितीपुस्तिका साठ पानांची. पेटीला बटण एक. पुस्तिका टायपिस्टबाईंना देऊन टाकली, त्यांना वाचनाची आवड आहे.

४ मार्च, मंगळवार

पहिली मोहीम: बेकरी. खात्याचा ड्रायव्हर गाडीतच बसला. म्हणाला, तुमच्याबद्दल ऐकून आहे, मी इंजिन चालूच ठेवतो.

बेकरीवाला म्हणाला, भट्टी म्हटली की धूर आलाच. मी म्हटलं, धूर नाही, वायू. त्यावर तो वायूबद्दल जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. मी अतिशय शांतपणे त्याच्या नाकाला नाक भिडवून उभा राहिलो, पेटी दोघांच्या मधे धरली आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने वाचलं की समोरच्यावर वचक बसतो. १,८००. पुन्हा वाचला. २,४००. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत २,९४०! माझ्या डोळ्यांदेखत चढत होता. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते हेच.

बेकरीवाल्याने भट्टीतून ब्रेड काढायचं लांब फळकूट उचललं. पाठीत दोन. बिस्किटांचा एक ट्रे माझ्या हातून उडाला, त्यातला बराचसा त्याच्या कपाळावर गेला. हात उचलला नाही. ट्रे उचलला.

शहराच्या नकाशावर पहिला लाल ठिपका.

६ मार्च, गुरुवार

सकाळी सार्वजनिक बाग. बाकावर बसलो. कोणी नाही, बोलायला कोणी नाही. ४२०. काय अर्थ आहे अशा ठिकाणी मोजण्याला. हिरवा ठिपका.

दुपारी वाचनालय. तिथे बोलायला बंदी. ४३०. तोही हिरवा.

संध्याकाळी गॅरेज. मेकॅनिक गाडीखाली झोपलेला. बाहेर ये म्हटलं, आला नाही. पाय धरून ओढला. तो पान्यासकट बाहेर आला. ओठाला दोन टाके. पण टाके पडण्याआधी मी आकडा घेतला होता: ३,४१०. डॉक्टर म्हणाले, बोलू नका. मी त्यांना म्हटलं की शहराचं भवितव्य गप्प बसून ठरत नाही. टाका सुटला. तिसरा घातला.

ड्रायव्हर म्हणाला, साहेब, बागच बरी.

९ मार्च, रविवार

न्याय घरापासून सुरू झाला पाहिजे. सकाळी स्वयंपाकघरात मोजणी. बायकोला समजावून सांगितलं की शेगडीची ज्योत मोठी ठेवणं हा नुसता वेंधळेपणा नाही, शहराशी द्रोह आहे. ती म्हणाली, मग तुम्हीच करा नाश्ता. मी म्हटलं, विषय नाश्त्याचा नाही. ती म्हणाली, विषय नेहमी नाश्त्याचाच असतो. मी पेटी उचलून आकडा वाचला: १,९६०. ती म्हणाली, ओरडू नका. मी ओरडत नव्हतो, वाचत होतो. २,३००. कुकरचं झाकण आलं. तिचा नेम लग्नाआधीपासून चांगला आहे.

कपाळाला बर्फ लावून गॅलरीत बसलो. पेटी ओट्यावरच राहिली होती. अर्ध्या तासाने बायकोने आतून सांगितलं की ४७० दाखवतंय. शेगडी चालूच होती म्हणे. विश्वास नाही. बंद केली असणार. बायका पुरावे नष्ट करण्यात पटाईत असतात.

हे वाक्य तिला वाचायला मिळू नये. वही वरच्या फळीवर ठेवावी.

१२ मार्च, बुधवार

बस डेपो. सहा ड्रायव्हर, एक मी. ४,१२०. मी आकडा वाचत असतानाच त्यांनी मला उचललं आणि काळ्या ऑइलच्या ड्रममध्ये बसवलं. पेटी वर धरली, तिला थेंब लागू दिला नाही. कर्तव्य म्हणजे दुसरं काय.

एकाच्या पोटरीवर माझ्या दाताचा ठसा आहे, अशी तक्रार साहेबांकडे आली आहे. ड्रममध्ये बसलेल्या माणसाला दुसरा कुठला अवयव मोकळा असतो?

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १

आज शोध लागला. अक्षर वाकडं येतंय. थोडं डेपोमुळे, जास्त आनंदाने.

नकाशा टेबलावर पसरला होता. चोवीस लाल ठिपके. सहज प्रत्येक ठिपक्याशेजारी तिथे काय झालं ते पेन्सिलने लिहीत गेलो. बेकरी, २,९४०, फळकूट. गॅरेज, ३,४१०, पाना. छापखाना, २,६००, कानाखाली एक. विटांची भट्टी, ३,९००, विटा. डेपो, ४,१२०, ड्रम. आणि बाग? ४२०, काही नाही. वाचनालय? काही नाही.

जिथे वायू जास्त, तिथे मारामारी. आकडा जेवढा मोठा, तेवढा मार जास्त. एकही अपवाद नाही!

म्हणजे हा वायू माणसाच्या डोक्यात जातो. माणूस चांगला असतो, वायू त्याला हात उचलायला लावतो. बेकरीवाल्याला मी आज मनोमन माफ केलं. बायकोलाही. (ती चोवीसात धरलेली नाही, घरचं प्रकरण आहे.) आणि माझ्या हातून आजवर जे थोडंफार झालं असेल, त्या टपरीसकट, त्याचाही उलगडा झाला. टपरीत स्टोव्ह होता.

आयुष्यभर लोक मला तापट म्हणत आले. मी तापट नव्हतो. हवा खराब होती.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांना शोध सांगितला. ते नकाशाकडे बघून म्हणाले, दिसायला जोरदार आहे. एकतीस तारखेला आयुक्तबाईंसमोर बैठक आहे, तिथे भिंतीवर लावू. सगळ्यात मोठा एखादा ठिपका सापडला आणि त्यावर कारवाई झालेली दाखवता आली, तर पगारवाढ नाही पण कक्ष कायमचा माझ्याकडे.

टायपिस्टबाई काहीतरी म्हणाल्या. दोनदा विचारलं. त्या विचारत होत्या की आपली गाडी उभ्या उभ्या महिन्यात किती डिझेल जाळते. फॉर्मवर लिहायचंय. त्या रोज फोनवरून एकेकाला विनवून फॉर्म भरून घेतात. एकशे नव्वद झाले म्हणे. बिचाऱ्या.

१५ मार्च, शनिवार

मोठ्यांपैकी एकच जागा उरली होती. गोदामांमागची वाफेची लॉन्ड्री. बाबांनी सुरू केलेली. मालक माझा धाकटा भाऊ.

खरं तर मला तिथे जायचं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी म्हटलं होतं, विकून टाकू. धाकटा म्हणाला, चालवू. मी पालिकेत चिकटलो, तो बॉयलरपाशी राहिला. आठ बाया कामाला. दोन हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. रोजचा माल रोज परत गेला पाहिजे, दोन दिवस अडला तर काम दुसरीकडे जातं. एवढंच सगळं त्याचं जग.

त्याने खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. म्हणाला, दादा, गेल्या वर्षी जुना बॉयलर काढून नवा बसवला, निम्म्या इंधनात चालतो. रोजच्या इंधनाची वही दाखवली. आमच्या टायपिस्टबाईंचा फोन आला होता, फॉर्म भरून पाठवलाय, असंही म्हणाला. सगळं आधीच करून ठेवायची त्याची सवय. मला लहानपणापासून तिची चीड आहे.

मी म्हटलं, फॉर्म राहू दे, मी मोजतो. तो म्हणाला, मोज की. मग हसून म्हणाला, जरा लांब उभा राहा दादा, तोंडावर येऊन बोलतोस.

तिथून कसं वाढलं ते नीट आठवत नाही. मी म्हटलं, मोठ्या भावाला शिकवू नकोस. तो म्हणाला, शिकवत नाही. मी म्हटलं, बाबांची जागा बळकावून बसलास. त्याने फक्त विचारलं, बाबांच्या शेवटच्या वर्षात तू किती वेळा आलास?

मी ओरडलो. पेटी त्याच्या आणि माझ्या तोंडाच्या मधे होती. ५,०००. त्यापुढे मीटरमध्ये आकडाच नाही.

चहा तसाच राहिला.

१७ मार्च, सोमवार

साहेबांनी दोनदा विचारलं. नक्की ना? भाऊ आहे तुमचा. मी म्हटलं, मीटरला नातं कळत नाही. वाक्य मलाच इतकं आवडलं की बाहेर ड्रायव्हरला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, साहेब, मीटरला कळत नाही, तुम्हाला कळतं ना.

ड्रायव्हर लोकांना शिस्त नाही राहिली.

बॉयलर सील करण्याच्या आदेशावर सही केली. छाती भरून आली. निःपक्षपाती माणूस किती एकटा असतो!

टायपिस्टबाई फॉर्म घेऊन आल्या, लॉन्ड्रीचा. म्हणाल्या, यावरून तर तिचा नंबर एकशे सदतिसावा येतो. मी म्हटलं, बाई, कागदावर काय, कुणीही साधू होतो.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५

जे झालं ते क्रमाने लिहितो. उद्या कोणी विचारलं तर आपल्याकडे नोंद हवी.

अकरा वाजता पोचलो. चार गार्ड, तार, शिशाची दोन सीलं. धाकटा बॉयलरसमोर उभा. म्हणाला, दादा, वाफ भरलेली आहे, हळूहळू सोडावी लागते, तासभर दे, मग लाव तुझं सील. मी म्हटलं, पाच मिनिटं. त्याने हात जोडले. मी घड्याळ बघितलं. मला वाटतं, घड्याळ बघायला नको होतं.

एका गार्डने त्याला ढकललं. त्याने गार्डला ढकललं. बाया धावून आल्या. ओल्या चादरीला पीळ घातला की तिचा सोटा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. एका गार्डचा दात पडला. दुसऱ्याने एका बाईचे केस धरले, तिने त्याचा हात गरम प्रेसवर टेकवला. इस्त्री केलेले अभ्रे पायाखाली, त्यावर रक्त. गार्ड शिव्या देतायत, बाया शिव्या देतायत, मी सगळ्यांना शांत राहा म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतोय.

तेवढ्यात दिसलं की धाकट्याचा उजवा हात व्हॉल्व्हच्या चाकावर आहे. मला वाटलं, मुद्दाम वाफ वाढवतोय. मीटरचा दांडा माझ्या हातात होता. एवढंच. हातात होता.

मनगटावर बसला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

तो ओरडला नाही. दादा, म्हणाला. मग डाव्या हाताने चाक धरून पूर्ण फिरवलं आणि वाफ बाहेर सोडून दिली. मोठा फुस्कारा झाला, सगळे थांबले. तो वाफ वाढवत नव्हता, सोडत होता. न सोडता मी सील लावलं असतं तर त्या खोलीतलं कुणी उरलं नसतं, असं एक गार्ड नंतर म्हणाला. गार्डला काय कळतं बॉयलरमधलं.

धाकटा मग खाली बसला. हात विचित्र कोनात.

सीलं लावली. दोन्ही.

रात्री वाचताना स्वतःला आठवण म्हणून लिहून ठेवतो: तिथे वायू ५,००० होता. एवढ्या वायूत कोणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. मी केलं नाही. माझ्याकडून झालं.

२१ मार्च, शुक्रवार

बायको बोलत नाही. स्वयंपाक करते, डबा भरते आणि धाकट्याकडे घेऊन जाते. माझ्यासाठी झाकून ठेवते, पण झाकण जोरात आपटते. मी तिला वायूचं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, त्याला उजव्या हाताने घास घेता येत नाही.

शास्त्र तिचा विषय नाही.

२३ मार्च, रविवार

भाजी आणायला गेलो तर बाजाराच्या तोंडाशी लॉन्ड्रीतल्या आठही बाया. पहिल्या हॉस्पिटलचं काम गेलं म्हणाल्या. चादरींची गाडी परवापासून दुसरीकडे वळते. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने हातातली पिशवी खाली ठेवली, नीट उभी केली, आणि माझ्या दोन्ही कानाखाली एकेक काढली. मग पिशवी उचलून गेली. बाकीच्या सात नुसत्या बघत होत्या. ते जास्त लागलं.

उघड्यावर, भर वाऱ्यात. तिथे वायू कुठून आला? पेटी घरी होती, मोजता आलं नाही. बहुतेक जवळून ट्रक गेला असेल.

२६ मार्च, बुधवार

बैठकीची तयारी. एकूण एकतीस लाल ठिपके, एकतीस तारखेला. योगायोग शुभ आहे. शेवटचा ठिपका सर्वात मोठा, मुद्दाम दुप्पट आकाराचा काढला. आरशासमोर भाषणाचा सराव केला. सुरुवात: हिंसा आपल्या मनात नसते, हवेत असते. इथे थांबायचं. टाळ्यांना जागा ठेवायची.

दुसरं हॉस्पिटलही गेलं, असं ड्रायव्हरने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

धाकट्याला बरं वाटेल असं काहीतरी बैठकीनंतर करावं. कक्ष कायमचा माझा झाला की त्याला सल्लागार नेमता येईल. वाफेचा. तो नाही म्हणणार नाही. आधी थोडा रागावेल.

३१ मार्च, सोमवार. दुपारी ४

बैठक झाली.

लिहितो. लिहायचं ठरलंय तर लिहितो.

भिंतीवर नकाशा. आयुक्तबाई, साहेब, बारा खात्यांचे बारा प्रमुख. मी भाषण केलं. टाळ्यांच्या जागी थांबलो. पंखा ऐकू आला. पण आयुक्तबाई नकाशाजवळ गेल्या, म्हणाल्या, इंटरेस्टिंग आहे. वायू आणि मारामारीचा एवढा नेमका मेळ त्यांनी कुठे पाहिला नव्हता म्हणे. त्यांनी विचारलं, मोजता कसं ते दाखवाल?

सगळे सज्जावर गेलो, मोकळ्या हवेत. मी पेटी नाकापाशी धरली, आकडा खणखणीत आवाजात वाचला. २,१००. पुन्हा, २,८००. आयुक्तबाई दचकल्या. म्हणाल्या, आपल्या ऑफिसच्या सज्जावर?

मागून टायपिस्टबाई काहीतरी म्हणाल्या. कोणालाच ऐकू आलं नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला. म्हणाल्या, पेटी कठड्यावर ठेवा आणि तुम्ही आत जा.

गेलो. दाराच्या काचेतून दिसत होतं. सगळे पेटीभोवती, पण हातभर लांब. टायपिस्टबाई पुस्तिकेचं पान उघडून उभ्या. त्यांनी चष्म्यातून वाकून बघितलं आणि बोट वर केलं. चारशे पंचवीस. मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, जवळ जाऊन बोला. काय बोलू, मी विचारलं, पेटीवर वाकून. ३,०००. पुन्हा आत जा. चारशे तीस. पुन्हा बाहेर या. असं चार वेळा. बारा खात्यांचे बारा प्रमुख माझं येणं जाणं बघत होते. चौथ्या खेपेला पाणीपुरवठावाल्याला हसू आवरेना, तो कठडा धरून खाली बसला.

पुस्तिकेत पान नऊवर लिहिलंय. माणसाच्या उच्छ्वासात हाच वायू बाहेरच्या हवेच्या शंभरपट असतो. पेटी तोंडापासून चार फूट दूर धरावी. दांडा त्यासाठी दिला आहे.

आयुक्तबाई नकाशाकडे वळल्या. एकतीस ठिपके बघितले आणि साहेबांना विचारलं, म्हणजे हा शहरातल्या वायूचा नकाशा नाही. हे निरीक्षक जिथे जिथे भांडले त्याचा आहे?

साहेब म्हणाले, पद्धतशीर आहे पण.

टायपिस्टबाईंचा अहवाल मंजूर झाला. दोनशे चाळीसपैकी दोनशे अडतीस फॉर्म. पहिला नंबर पालिकेच्या कचरा डेपोचा. दुसरा पालिकेच्या गाड्यांचा. लॉन्ड्री एकशे सदतिसावी. कक्ष बाईंना मिळाला. अभिनंदन करायला गेलो तर त्या नकळत एक पाऊल मागे सरकल्या.

संध्याकाळी ७

तरी लाज एवढी वाटत नाहीये. लाज मी पूर्वी खाल्ली आहे, पचते.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लॉन्ड्रीत वायू नव्हता. बागेत असते तशीच हवा होती. चारशे वीस.

मग धाकट्याचा हात कोणी मोडला?

१ एप्रिल, मंगळवार

रजा. दुपारी मीटर अंगणात नेला. दगडाने फोडायचा विचार होता. दोष मीटरचाच, असं अजूनही सिद्ध करता आलं असतं. पहिला घाव दगडाचा, मग विटेचा. काच फुटली, झाकण उडालं, तारा बाहेर आल्या, आतली पांढरी नळी मी टाचेखाली रगडली. दांडा गुडघ्यावर घेऊन वाकवायला गेलो, वाकला नाही. गुडघा सुजला. शेजारची बाई खिडकी बंद करताना दिसली. मुलांना आत बोलावत होती.

मी किती वेळ ओरडत होतो कुणास ठाऊक. बायको दारात उभी होती. तिने अडवलं नाही. काही फेकलंही नाही. मी थांबल्यावर म्हणाली, झालं? आता त्याच्याकडे जाऊन या.

२ एप्रिल, बुधवार

गेलो नाही. गुडघा.

३ एप्रिल, गुरुवार

गुडघा बरा होता. तरी संध्याकाळी जाऊ असं ठरवलं. संध्याकाळी वाटलं, सकाळी माणसाचं मन मोकळं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३

सकाळी गेलो. सील काढण्याचा आदेश टायपिस्टबाईंनीच टाइप करून सहीसह ठेवला होता. माझ्याकडे देताना म्हणाल्या, चष्मा करून घ्या हो. पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

लॉन्ड्री थंड. वाफेचा वास नाही. पंचवीस वर्षांत ती खोली मी अशी पाहिली नव्हती. प्रेसवर धूळ. आठ बायांपैकी दोन आलेल्या, त्या भिंतीशी बसून होत्या. मला बघून उठल्या आणि बाहेर गेल्या. धाकटा टेबलापाशी. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. समोर ढीगभर चादरी. हॉस्पिटलने काम काढून घेताना त्यांच्या शिल्लक चादरी परत मागितल्या होत्या, त्या घडी घालून द्यायच्या होत्या. एका हाताने तो एक टोक हनुवटीखाली धरून घडी घालत होता. चादर निसटत होती. पुन्हा उचलत होता.

मी तारा कापल्या. दोन्ही सीलं टेबलावर ठेवली. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं: पुस्तिका, पान नऊ, बारीक आकडे, खात्याची ढिलाई. तोंडातून आलं ते एवढंच, की आकडा माझ्या श्वासाचा होता. तुझ्या बॉयलरचा नव्हता.

तो म्हणाला, कळलं मला. टायपिस्टबाईंनी फोन केला होता.

मग पुढची चादर हनुवटीखाली धरली. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. बाबांबद्दल विचारलं असतं तर तेही चाललं असतं, या वेळी मी आकडा खरा सांगितला असता. त्या वर्षात मी तीन वेळा आलो होतो. तिन्ही वेळा भांडून गेलो. हे सांगायला तयार होतो, पण त्याने विचारलंच नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मार मला. कशानेही मार. एकदा सणसणीत ठेवून दे, म्हणजे मोकळं होईल.

त्याने निसटलेली चादर उचलली. म्हणाला, कुठल्या हाताने?

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. तो नको म्हणाला नाही. तो मागे सरकायचा तेव्हा मी मागे सरकायचो, तो पुढे आला की मी पुढे. कोपऱ्याला कोपरा जुळला की माझी टोकं त्याच्या डाव्या हातात द्यायची आणि नवी चादर उचलायची. दर घडीला आम्ही अगदी समोरासमोर यायचो, वीतभर अंतरावर. तेव्हा मी श्वास रोखून धरायचो.

एकशे बारा चादरी झाल्या.